चंद्राची मेंढरं

मला कविता कळते, असा माझा अठराव्या वर्षी पक्का समज होता. त्याला पुरावाही होता. सातवीच्या फायनलच्या परीक्षेला मराठीत सांगलीच्या आमच्या आळीत माझ्याइतके मार्क कुणालाच नव्हते, आणि पुढं मास्तरणीच्या ट्रेनिंगला अलंकार शिकवणाऱ्या बाईंनी माझी वही वर्गभर फिरवली होती. लाल शाईत व्याख्या, निळ्या शाईत उदाहरण. एक वस्तू दुसरीसारखी आहे म्हटलं की उपमा, आणि ती दुसरी वस्तूच आहे म्हटलं की रूपक. इतकी सोपी गोष्ट न कळणारी माणसं असतील, हे मला ठाऊक नव्हतं. आणि ती गोष्ट माझ्याहून जास्त कळणारी माणसं मांडीवर पाटी घेऊन जमिनीवर बसलेली असतील, हे तर मुळीच ठाऊक नव्हतं.

दुसरी मोठी लढाई चालू होती त्या दिवसांत मला सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका गावात शाळा मिळाली. सांगलीची कृष्णा बघत वाढलेल्या मुलीला त्या गावात पाणी शोधावं लागे. ओढा होता, पण त्यात वाळू होती. शाळा मारुतीच्या देवळाला लागून दोन खोल्यांची. एका खोलीत हेडमास्तर, दुसऱ्या खोलीत मी, आणि मधल्या भिंतीला खिडकी होती. तिच्यातून हेडमास्तरांची तपकीर आणि सल्ले दोन्ही माझ्याकडं येत.

माझी नोकरी हंगामी होती. वर्षात तपासणी व्हायची, तपासणीचा शेरा चांगला आला तर मी कायम, नाही आला तर घरी. घरी म्हणजे कुठं, तेही ठरलं होतं. वडील हळदीच्या पेठेत एका अडत्याकडं कारकून होते. त्यांच्या ओळखीतला एक मुलगा काकांनी माझ्यासाठी हेरून ठेवला होता. मुलगा वाईट नव्हता. त्याला बघायला आम्ही गेलो, म्हणजे खरं तर तो मला बघायला आला, तेव्हा तो तासभर हळदीच्या ओलाव्याबद्दल बोलला आणि जाताना मला म्हणाला, "मास्तरणीचं खूळ किती दिवसांचं आहे?" वडिलांनी मला एक वर्ष दिलं. कायम झालीस तर कर नोकरी, नाही झालीस तर मुकाट्यानं बोहल्यावर उभी राहा. मी कबूल केलं. त्या वर्षात मी काय काय कबूल केलं याची यादी केली, तर हेच त्यातलं सगळ्यांत शहाणपणाचं निघेल.

मला चौथीचा वर्ग होता. निम्मी मुलं शेतकऱ्यांची, निम्मी धनगरांची. धनगरांची मुलं पावसाळ्यात शाळेत असत. दिवाळीच्या आसपास गवत वाळलं की त्यांची घरंच्या घरं मेंढरं घेऊन नदीकाठाकडं निघून जात आणि पुढच्या पावसाला परत येत. वर्गात मुली तीन. दोन वाड्यावरच्या पाटलांच्या, त्या वर्षभर एकमेकींशीच बोलल्या. तिसरी धनगराची, अकरा-बारा वर्षांची. नाकात चमकी, पायात बापाच्या जुन्या वहाणांच्या कापून केलेल्या वहाणा. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. वर्गात तिला सगळे 'पंच' म्हणत. गोट्यांत कोण जिंकलं, पेरू आधी कुणी पाहिला, कुणाची पाटी कुणी फोडली, हे सगळे खटले तिच्यापुढं चालत. ती दोन्हीकडचं ऐकून घेई, थोडा वेळ गप्प बसे आणि मग निकाल देई. तिच्या निकालावर अपील नव्हतं. हेडमास्तरही एकदोनदा तिचं मत घेताना मी पाहिले आहेत.

पुस्तकात एक कविता होती. कवी कोण ते आता आठवत नाही, आठवलं तरी सांगणार नाही, कारण त्या बिचाऱ्याची पुढं फार शोभा होणार आहे. कवितेत आकाश हे कुरण होतं, चांदण्या मेंढ्या होत्या आणि चंद्र मेंढपाळ. मेंढ्या कुरणभर पसरल्या आहेत, मेंढपाळ त्यांच्याकडं बघत उभा आहे आणि सगळीकडं कशी शांतता आहे. खाली प्रश्न होता : कवीने चंद्राला मेंढपाळ का म्हटले आहे?

ती कविता पाहून मला कोण आनंद झाला! अर्ध्या वर्गाच्या घरी मेंढरं. यांना मेंढपाळ म्हणजे काय हे समजावून सांगायलाच नको. मी आधी तयारी म्हणून विचारलं, "मुलांनो, एखाद्या गोष्टीला आपण दुसऱ्याच गोष्टीचं नाव देतो. तुम्ही घरी असं कधी बोलता का?"

"न्हाई बाई," सगळी एकदम म्हणाली. एकजण पुढं होऊन म्हणाला, "आमच्यात कोन खोटं बोलत न्हाई."

हे सांगणारा मुलगा पाच मिनिटांपूर्वी उशिरा आला होता. उशीर का झाला विचारल्यावर त्यानं मला सांगितलं होतं, "हीर रुसलीया बाई, घागर भरायला लय येळ लागला." आणि तेव्हा मी, निळ्या शाईतली उदाहरणं पाठ असलेली बाई, त्याला म्हणाले होते, "कारणं सांगू नकोस, खाली बस."

मी कविता वाचली. दोनदा वाचली. हात वर करून आकाश दाखवलं, हात पसरून मेंढ्या दाखवल्या. मग प्रश्न विचारला. वर्ग पंचाकडं बघू लागला. पंच उभी राहिली.

"बाई, ह्यो मेंढका न्हाई."

"मेंढपाळ नाही? मग कोण?"

"कोन त्ये मला ठावं न्हाई. पर मेंढका न्हाई. पुनवेला ह्यो पुरता येतो, तवा ह्येची निम्मी मेंढरं गायब. आन आवसंला मेंढरं समदी रानात, तर ह्योच गायब. असा मेंढका कोन ठिवंल?"

वर्गात कुजबुज झाली. धनगरांच्या पोरांनी माना हलवल्या. मी अलंकारांची वही मनात उलटली. तिच्यात पौर्णिमेचा काहीच उल्लेख नव्हता.

"तसं नसतं बघायचं," मी म्हणाले. "कवीला फक्त एवढंच म्हणायचं आहे की रात्री सगळं शांत आहे."

"शांत?" पंचाचा आवाज चढला. "आवं बाई, रातच्याला मेंढरं अशी पांगल्यात, आन शांत कसं? रातीला मेंढरं एकमेकाला चिकटून बसत्यात. पांगली म्हंजी लांडगा शिरलाय!"

यापुढं वर्ग माझ्या हातात राहिला नाही. लांडगा शिरला म्हटल्यावर धनगरांची पोरं उठूनच उभी राहिली. लांडगा कुठला, यावर चर्चा सुरू झाली. विहीर रुसलेला मुलगा म्हणाला, ढग हाच लांडगा, तो येतो आणि चांदण्या गिळतो. दुसरा म्हणाला, मग ढग गेल्यावर त्या परत कशा दिसतात? पंचानं निकाल दिला की त्या गिळलेल्या नसतात, भिऊन दडलेल्या असतात. मग कुत्रं कुठं आहे, असा प्रश्न निघाला. लांडगा आला आणि कुत्रं भुंकलं नाही हे कुणाला पटेना. शेवटी एका बारक्या पोरीसारखा आवाज असलेल्या मुलानं ते शोधून काढलं. शुक्राची चांदणी हेच कुत्रं. ती कधी सांजेला सगळ्यांच्या आधी येते, कधी पहाटे सगळ्यांच्या मागं राहते, म्हणजे राखणीला तीच. सगळ्या वर्गानं त्याला शाबासकी दिली. ज्याचा थोरला भाऊ पलटणीत होता, तो मुलगा म्हणाला, चंद्र हवालदार केला तर जास्त बरं, पण मग चांदण्या फॉलिन का होत नाहीत?

मी टेबलावर पट्टी आपटली. "कवितेत कुत्रं नाही!" मी ओरडले. "लांडगा नाही, हवालदारही नाही! खाली बसा!"

खिडकीतून हेडमास्तरांचं डोकं आलं. त्यांनी तपकिरीची चिमूट नाकाला लावली आणि विचारलं, "बाई, गणित चाललंय का?"

आज त्या तासाची आठवण आली की मला हसू येतं आणि हसता हसता कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. चौथीतली ती पोरं कवितेच्या आत शिरून तिथं राहायला लागली होती. एक रूपक दिलं, त्यांनी त्याला कुत्रं, लांडगा आणि राखण असा सगळा संसार जोडून दिला. आणि मला वाटत होतं की यांना रूपक कळत नाही.

त्या सांजेला मी ओट्यावर बसून आकाशाकडं बघितलं. खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदाच नीट बघितलं. पौर्णिमा जवळ आली होती. चंद्र वर आला तशा चांदण्या कमी कमी होत गेल्या. पोरगी बरोबर होती. मला तिचा इतका राग आला की मी जेवताना भाकरी निम्मीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी फार गंभीर चेहरा केला.

"बाई, तपासणीला दिपोटीसाहेब या महिन्यात येणार. त्यांना काय आवडतं, ठाऊक आहे? एक आवाज. प्रश्न विचारला की सगळ्या वर्गातून एक आवाज आला पाहिजे. लांडगा बिंडगा निघाला, तर तुम्ही सांगलीला आणि मी पुन्हा दोन वर्ग एकटा."

मग त्यांनीच उत्तर लिहून दिलं : कवीने चंद्राला मेंढपाळ म्हटले आहे, कारण मेंढपाळ जसा मेंढ्यांचे रक्षण करतो तसा चंद्र चांदण्यांचे रक्षण करतो, व त्यामुळे रात्रीच्या शांततेचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. मी ते फळ्यावर लिहिलं आणि घोकून घ्यायला सुरुवात केली. आठ दिवसांत देवळातला पुजारीही ते म्हणू लागला. पलटणवाल्याचा भाऊ ते कवायतीच्या चालीत म्हणे. एकटी पंच म्हणेना.

"म्हण," मी सांगायचे.

"कसं म्हनू बाई? शांत न्हाई त्ये."

छडी दाखवून झाली, कोपऱ्यात उभं करून झालं. ती कोपऱ्यात मजेत उभी राहायची आणि तिथूनच गोट्यांचे खटले चालवायची. शेवटी मी तिच्या बापाकडं तक्रार करायला गेले.

गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या रानात खतासाठी त्यांची मेंढरं बसवली होती. दिवेलागणीची वेळ होती. भोवती वाघूर म्हणजे जाळ्याचं कुंपण, आणि आत मेंढरं अशी खेटून बसलेली की मधून हात घालायला जागा नव्हती. कुठं मेंढरू संपतं आणि कुठं दुसरं सुरू होतं, कळत नव्हतं. तिचा बाप उंच, पांढऱ्या पागोट्याचा, हळू बोलणारा माणूस. त्यानं घोंगडं अंथरलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. निकाल देण्याआधी थोडा वेळ गप्प बसायची सवय पोरीला कुणाकडून आली, ते मला तिथं समजलं.

"बाई, ज्यानं ती कविता क्येली, त्येनं मेंढरं राखल्यात का?"

"नाही, ते शहरातले असावेत."

"मंग लिवायच्या आदी आमाला इचारायचं की हो."

मी त्याला माझी अडचण सांगितली. पोरीलाही जवळ बोलावलं आणि तिला खरं खरं सांगून टाकलं. साहेब येणार आहेत, ते नाराज झाले तर माझी नोकरी जाईल, मला सांगलीला परत जावं लागेल आणि तिथं माझं लग्न लावतील. लग्नाचं ऐकून तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुमाला करायचं न्हाई?"

"नाही."

"दांडगा हाय का दाल्ला?"

"नाही. तो हळदीबद्दल बोलतो."

हे तिला पुरेसं वाईट वाटलं असावं, कारण तिनं लगेच विचारलं, "मंग म्या काय करू?"

"तुला उत्तर म्हणायचं नसेल तर म्हणू नकोस. पण साहेब असतील तोवर तोंड उघडायचं नाही. एवढं कर माझ्यासाठी."

ती आत गेली. पालात देवापुढं भंडाऱ्याची वाटी होती, म्हणजे बिरोबाच्या नावाची हळद. तिनं चिमूटभर उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाली, "भंडारा उचलला बाई. न्हाई उघडनार." तिच्या बापाचा चेहरा एकदम बदलला. मला त्याचं काहीच वाटलं नाही. ज्या घरात हळद पोत्यांनी बघितली त्या घरातली मी. चिमूटभर हळदीचं एवढं काय, असं मनात म्हणत, हलक्या पायांनी मी गावात परत आले.

दिपोटीसाहेब बैलांच्या दमणीतून आले. सोबत शिपाई, छत्री आणि पित्ताचा त्रास. गावानं त्यांच्यासाठी दूध, अंडी आणि एक कोंबडी जमवली होती. पित्तामुळं साहेबांनी फक्त दूध घेतलं आणि बाकीचं शिपायानं समजून घेतलं. हेडमास्तरांनी नवी टोपी घातली होती. मी सांगलीहून आणलेलं इरकली लुगडं नेसले होते.

गणित झालं, भूगोल झाला. मग साहेबांनी पुस्तक उघडलं, आणि हातात आलेल्या पानावर तीच कविता होती. त्यांनी विचारलं, "कवीने चंद्राला मेंढपाळ का म्हटले आहे?"

एक आवाज निघाला. इतका एक की देवळातली घंटा घुमली. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान डोलावली. हेडमास्तर खिडकीत उजळले. माझ्या मनात त्या क्षणी सांगलीची हळदीची पेठ कायमची मागं पडली.

डोळे उघडल्यावर साहेबांना दिसलं की एका मुलीचे ओठ घट्ट मिटलेले आहेत.

"तू का म्हणत नाहीस?"

ती उभी राहिली. गप्प.

"बरं, कविता राहू दे. तुझं नाव काय?"

गप्प. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, अगं नाव सांग, नाव सांगायला काय हरकत आहे! पण तिनं भंडारा उचलून शपथ घेतली होती, आणि साहेब असतील तोवर तोंड उघडायचं नाही असं मी सांगितलं होतं. नाव सोडून बाकीचं बोलू नकोस, असं मी म्हटलं नव्हतं. मी जे बोलण्याच्या ओघात बोलले होते, ते तिनं देवासमोर अक्षर न अक्षर धरलं होतं. तिच्या बापाचा चेहरा का बदलला, ते मला आत्ता उमगलं. साहेबांनी वडिलांचं नाव विचारलं. गाव विचारलं. ती सरळ उभी, नजर माझ्याकडं, ओठ इतके आवळलेले की पांढरे पडले होते.

"मुकी आहे काय?" साहेबांनी मला विचारलं. त्यांच्या कपाळावर आठी आली होती आणि पेन शेऱ्याच्या वहीवर टेकलं होतं.

मी काहीही सांगू शकले असते. लाजते आहे, म्हणाले असते. ताप आहे, म्हणाले असते. फार धीर असता तर म्हणाले असते, साहेब, ही माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी आहे आणि मीच तिला गप्प बसवलं आहे. पण पेन वहीवर टेकलं होतं.

"नाही साहेब," मी म्हणाले. "ती जरा मंद आहे."

सगळा वर्ग माझ्याकडं वळला. विहीर रुसलेल्या मुलाचं तोंड उघडंच राहिलं. हेडमास्तरांचं डोकं खिडकीतून नाहीसं झालं. पंच तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांची एकदा उघडझाप झाली, आणि तोंड उघडलं नाही.

"हं," साहेब म्हणाले, आणि लिहू लागले. शेरा असा होता : शिक्षिका मेहनती असून वर्गाची तयारी चांगली आहे. मंद मुलांकडे अधिक लक्ष द्यावे. कायम करण्यास हरकत नाही.

मी कायम झाले. हेडमास्तरांनी पेढे वाटले. वडिलांना मी पत्र लिहिलं, त्यात शेऱ्यातलं मधलं वाक्य गाळलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, ती दुखावली. दुखावणारच. मी स्वतःला समजावत राहिले की लहान मूल आहे, विसरेल. आणि ती विसरणारी नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तिच्यासमोर चाललेला एकही खटला ती कधी विसरली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या बाजूनं धुरळा उठला. त्या साली गवत लवकर वाळलं होतं आणि तिच्या घरची मेंढरं दिवाळीआधीच निघाली होती. घोड्यावर बिऱ्हाड बांधलेलं, कोंबड्या वर, भांडी खाली. रस्ता शाळेवरून जात होता. ती कळपातून निघून पळत शाळेच्या दारात आली. काखेत एक कोकरू होतं, आणि हातात शाळेची पाटी, ती परत करायला आली होती. एवढे दिवस का आली नाहीस, असं विचारायच्या आधीच तिनं सांगितलं की आवराआवर चालली होती.

"बाई, म्या बराबर गप ऱ्हायले न्हवं?"

"हो," मी म्हणाले. मला तिच्याकडं बघवेना.

"तुमची नोकरी ऱ्हायली न्हवं?"

"राहिली."

"मंग झालं." ती खुशीत हसली. मग कोकरू दुसऱ्या काखेत घेतलं आणि थोडा वेळ गप्प बसली. मला समजलं की आता निकाल येणार. "तुमी मला मंद म्हनलात तवा पयलं लय वंगाळ वाटलं. रातभर वाटलं. मंग मला कळलं."

"काय कळलं?"

"कवितंतलं. मला त्ये कळत नव्हतं न्हवं, असं का म्हनत्यात म्हून. आता बगा, म्या मंद न्हाई ह्ये तुमाला ठावं हाय. मलाबी ठावं हाय. समद्या वर्गाला ठावं हाय. तरीबी तुमी म्हनलात, कारन समोर सायेब हुता. तसंच आसंल त्ये. मेंढरं तशी बसत न्हाईत, ह्ये त्या कविता करनाऱ्याला ठावं आसंल. पर त्येलाबी कुनी सायेब आसंल न्हवं? त्येच्या म्होरं शांत म्हनावं लागलं आसंल बिचाऱ्याला."

मला तेव्हाच तिला खाली बसवायला हवं होतं. सांगायला हवं होतं की बाई गं, तू सांगतेस ते रूपक नव्हे. रूपक म्हणजे तुम्ही त्या दिवशी वर्गात केलंत ते, ढगाचा लांडगा आणि शुक्राचं कुत्रं. मी साहेबांपुढं बोलले ते रूपक नव्हतं, ते खोटं होतं, आणि ते मी भिऊन बोलले. एवढीच चार वाक्यं होती. पण तिनं माझ्या खोट्याला इतकी चांगली जागा शोधून दिली होती की मला तिथून उठवेना.

"असेल," मी म्हणाले.

तिनं पाटी माझ्या हातात दिली आणि कळपामागं पळाली.

मग मी ठरवलं, पावसाळ्यात ती परत आली की पहिल्याच दिवशी हे सगळं तिला नीट सांगायचं. वर्गासमोर सांगायचं, म्हणजे ज्यांनी 'मंद' ऐकलं त्यांनी हेही ऐकावं. उन्हाळाभर मी ती चार वाक्यं मनात जुळवली. मृगानंतर मेंढरं आली. तिचा बाप शाळेच्या दाराशी आला, पागोटं सारखं केलं आणि म्हणाला की औंदा पोरगी येणार नाही, वैशाखात लगीन करून दिलं, तिकडं खाली कानडी मुलखात.

मी वळून फळा पुसायला लागले. त्याला वाटलं, मी रागावले. माझी समजूत काढायला म्हणून तो हळू आवाजात म्हणाला, "पर तुमचं नाव काडती हो बाई. सासरी समद्यांस्नी सांगती, आमच्या बाईंनी मला कविता शिकवली म्हून."